तांब्याभर पाणी



हा अंक हातात घेतलात तेव्हा शेजारी पाण्याचा तांब्या असेल, तर आधी दोन घोट घ्या. घाई नाही. आम्हा मनमाडकरांना कोणी निवांत पाणी पिताना दिसले की उगीचच बरे वाटते, एवढेच त्याचे कारण.

मनमाड तुम्ही पाहिलेले असेलच, निदान त्याचा फलाट तरी. मुंबई-भुसावळ मार्गावरचे हे जंक्शन. इथून एक फाटा संभाजीनगर-नांदेडकडे जातो, दुसरा कोपरगाव, नगर, दौंड असा. गाडीच्या खिडकीतून अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले दिसतात आणि अंगठा वर केल्यासारखा एक सुळका दिसतो. आम्ही त्याला हडबीची शेंडी म्हणतो, पोरे थम्सअपचा डोंगर म्हणतात. प्रवाशाला एवढे मनमाड पुरते. इथे राहणाऱ्याचे मनमाड नळापाशी सुरू होते. दिंडोरी तालुक्यातल्या पालखेड धरणाचे आवर्तन सुटावे, ते कालव्याने पाटोद्याच्या साठवण तलावात यावे, तिथून पंपाने वाघदर्डी धरणात चढावे, आणि मग वाघदर्डीतून आमच्या गल्लीत यावे, अशी ही वाट वर्षानुवर्षे चालत आली. वाटेत कुठे काही अडले की नळाला पाणी कधी पंधरा दिवसांनी, कधी वीस दिवसांनी. म्हणून आमच्या भिंतीवरच्या कालनिर्णयात एकादशीच्या खुणेशेजारी आणखी एक खूण असते. ती पाण्याची.

पाणी बहुधा अवेळीच सुटते. आधी नळ नुसता फुसफुसतो, मग खोकतो, मग गढूळ धार येते. गल्लीत कोणीतरी ओरडते, "आलं, आलं!" आणि रात्रीच्या दोन वाजता दिवे लागतात. हंडे, कळश्या, बादल्या, पिंपे, पोरांच्या शाळेच्या बाटल्या, पूजेचा गडवासुद्धा रांगेत येतो. भांडणे होतात, नाही असे नाही. मोटार लावून ओढणाऱ्याला शिव्याही बसतात. पण सगळे भरून झाले, शेवटच्या कळशीवर फडके बांधले, की आमच्या घरातली माणसे ओट्यावर टेकतात. पत्नी तोंडावर पाण्याचा हबका मारते आणि हसते. कोणी काही विनोद केलेला नसतो. मुलाची नोकरी लागलेली नसते, कर्ज फिटलेले नसते. तरी ती हसते, आणि त्या वेळी तिच्यापेक्षा सुखी बाई नाशिक जिल्ह्यात दुसरी नसेल असे मला वाटते.

या हसण्याविषयी लिहायचे म्हणून मी बसलो होतो. लिहू लागलो तेव्हा कळले की त्याआधी एक कबुली द्यावी लागणार आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ज्येष्ठ महिना, दुपारची वेळ. पाणी येऊन बारा दिवस झाले होते. दारावर थाप पडली. मी दार अर्धेच उघडले. बाहेर एक म्हातारा होता, खांद्याला झोळी, पायांत काही नाही. म्हणाला, "माउली, वाईच पाणी मिळंल का?"

"पाणी संपलंय बाबा, नळ आलेला नाही," मी म्हणालो.

स्वयंपाकघरात दोन पिंपे झाकून ठेवलेली होती. त्यातले एक काठोकाठ.

"असू द्या माउली," तो म्हणाला आणि वळला. मी खिडकीशी गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. पलीकडच्या घरात एक बाई राहते, चार घरची धुणीभांडी करते. साठवायला तिच्याकडे एकच पिंप आहे. तिने त्याला तांब्या आणून दिला. तो भिंतीच्या सावलीत उकिडवा बसून सावकाश प्यायला, आणि बोटांना लागलेले ओलसरपण त्याने दोन्ही डोळ्यांना लावले.

संध्याकाळी विठ्ठल मंदिरात हरिपाठ होता. माझ्या गळ्यात माळ आहे. माझा टाळ वाजत होता, तोंडही हलत होते, पण मी दाराच्या फटीतच अडकून पडलो होतो. दोन वेळा त्याने मला माउली म्हटले होते. एकदा मागताना आणि एकदा रिकाम्या हाताने परत जाताना.

तुम्ही म्हणाल, एवढे काय त्यात? घरात लेकरे आहेत, पाणी पुढे आठ दिवस पुरवायचे आहे, प्रपंच सांभाळणाऱ्याला हिशेब ठेवावाच लागतो. हे मीही स्वतःला पुष्कळ वेळा सांगून पाहिले. आणि ते खोटेही नाही. जे मोजकेच आहे ते येईल त्याला वाटून टाकावे आणि घरच्यांना कोरडे ठेवावे, असे कोणी सांगू लागले तर मी त्याला आमच्या गल्लीत पंधरा दिवस राहायला बोलावीन. पण म्हाताऱ्याने पिंप मागितले नव्हते. त्याने तांब्या मागितला होता. एका तांब्याने आमचे काय सरले असते? एक वेळचे भांडे घासायचे राहिले असते. मी हिशेब केला असता तर पाणी दिले असते. मी हिशेबसुद्धा केला नाही. दार उघडण्याआधीच माझे "नाही" तयार होते.

नाथमहाराजांची गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. काशीची गंगा कावडीत घेऊन रामेश्वराला निघालेले, वाटेत वाळूत तहानेने तडफडणारे गाढव, आणि नाथांनी ती गंगा त्याच्या तोंडात ओतली. कीर्तनात ही गोष्ट आली की आपण माना डोलावतो आणि मनातल्या मनात नाथांच्या बाजूला जाऊन उभे राहतो. त्या दिवसापासून मला तसे उभे राहता येत नाही. मला त्यांच्याबरोबरचे इतर यात्रेकरू दिसतात. त्यांच्या खांद्यावरही कावडी होत्या. तीही माणसे शेकडो कोस अनवाणी चालून आलेली, व्रतस्थ, नेमाची. त्यांना गाढव दिसले नसेल असे नाही. पण खांद्यावर देवाचे पाणी होते, ते सांडू नये, बाटू नये, वेळेत पोहोचावे, ही काळजी होती. ते दुष्ट नव्हते हो. ते घाईत होते. भक्तीच्या घाईत होते. त्यांच्या जागी मी असतो तर कोणत्या बाजूला असतो, हे मला आता नक्की ठाऊक आहे.

आणि गोष्टीतली आणखी एक जागा आपण भराभर ओलांडतो. गाढव पाणी प्यायल्यावर उठले, त्या क्षणाची. देव प्रकटला की नाही, रामेश्वराला अभिषेक पावला की नाही, हे सगळे नंतरचे. त्याआधी एक मुके जनावर डोळे उघडते, कान हलवते, पायांवर उभे राहते. नाथांना तेव्हा काय वाटले असेल? मला वाटते ते हसले असतील. आमच्या ओट्यावर पत्नी हसते तसेच.

पुढच्या आषाढात मी स्टेशनवर गेलो. आषाढीच्या सुमारास खामगाव, अमरावती, भुसावळ या बाजूंनी पंढरपूरला विशेष गाड्या सुटतात आणि मनमाडवरून दौंड, कुर्डुवाडी करत पुढे जातात. मनमाड-दौंड हा लोहमार्ग १८७८ सालचा. खानदेश-वऱ्हाडच्या किती पिढ्या या रुळांवरून विठोबाला भेटायला गेल्या असतील याची गणती नाही. (पायी चालणारा तोच खरा वारकरी असे काही जण म्हणतात. त्यांनी एकदा या डब्यांत डोकवावे. गुडघे गेलेल्या, पाठ वाकलेल्या, शेत पेरून एका रात्रीसाठी निघालेल्या माणसांनी डबा भरलेला असतो, आणि शौचालयाच्या दाराशी पोते टाकून बसलेली आजीबाई अभंग म्हणत असते.)

मी विकतच्या पाण्याचे चार जार घेतले, हातगाडीवरून फलाटावर नेले. गाडी थांबली की खिडकीतून बाटल्या बाहेर यायच्या, त्या भरून द्यायच्या. पहिल्या गाडीला फार सुख झाले. त्या म्हाताऱ्याचे थोडे तरी फिटले असे वाटले. दुसऱ्या गाडीला मी बाटल्या मोजू लागलो. तिसऱ्या गाडीला एका पोराच्या हातात मोबाइल देऊन म्हणालो, "बाळा, एक फोटो काढ रे." आणि तेव्हा लक्षात आले की सकाळचे सुख कधीच निघून गेले आहे. हात तेच काम करत होते, पाणी तेच होते, तहानही तीच होती. मी मात्र आता खिडकीतल्या चेहऱ्याकडे पाहत नव्हतो, फोटोत माझा चेहरा कसा येईल ते पाहत होतो.

तेवढ्यात डब्यातून एक वऱ्हाडी म्हातारी खाली उतरली. तिच्या हातात पितळी तांब्या होता. मी तो घ्यायला हात पुढे केला तर ती वाकली आणि माझ्या पायांना हात लावला. मी मागे सरलो. "अहो आजी, हे काय, आधी पाणी घ्या." तर म्हणते, "पाणी मंग पेईन बापू, आधी पाया पडू दे." मग मीही तिच्या पाया पडायला वाकलो, ती पुन्हा वाकली, आमची डोकी एकमेकांवर आपटली आणि जारचे पाणी दोघांच्या अंगावर सांडले. ती खळखळून हसली. दात नव्हते. मीही हसलो. गाडीची शिट्टी झाली, पोराने तो फोटो काढला की नाही कोण जाणे. मी नंतर पाहिलाच नाही.

आमच्या हरिपाठाच्या मंडळींत एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना मी ही हकीगत सांगितली तेव्हा त्यांनी नेमके बोट ठेवले. "दुसऱ्याला देऊन तुम्हाला आनंद झाला ना? मग तुम्ही तो आनंद विकतच घेतलात की. याला दया कसली म्हणायची? हा स्वार्थच, जरा गोड." प्रश्न अवघड आहे. मी बरेच दिवस तो घोळवत होतो. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना सुरुवातच कोणाचा द्वेष न करणे, मैत्री आणि करुणा यांपासून होते आणि लगेच ममत्व आणि अहंकार नसणे येते, हे गुरुजींनीच मला दाखवले. म्हणजे करुणेला अहंकार चिकटतो, हे तिथे धरलेलेच आहे.

मला जे उत्तर सुचले ते त्या म्हातारीच्या वाकण्यातून सुचले. फलाटावर मला दोन वेगवेगळी सुखे झाली होती. एक फोटोवाले. ते माझ्याकडे तोंड करून होते, त्याला मोजदाद लागत होती, आणि ते गाडी सुटायच्या आतच आटले. दुसरे डोके आपटल्याचे. त्यात देणारा कोण आणि घेणारा कोण हे क्षणभर कळतच नव्हते. वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो तेव्हा हेच तर होते. सत्तर वर्षांचे बुवा सात वर्षांच्या पोराच्या पायांवर डोके ठेवतात आणि पोर त्यांच्या. कोणी वर राहत नाही, म्हणून कोणावर उपकार राहत नाही. गुरुजींना मी म्हणालो, आनंद झाला म्हणून दया खोटी ठरत नसावी. तो आनंद कोणत्या बाजूला तोंड करून आहे ते पाहावे. ते म्हणाले, "विचार करतो." अजून करत आहेत.

आणि माउली, आनंदाचे एवढे भय तरी कशाला? आपला संप्रदायच एका घरगुती कामापाशी उभा आहे. पुंडलिकाने काय केले? आई-वडिलांचे पाय चेपले. यज्ञ नाही, अरण्य नाही. दारात देव आला तर त्याला वीट देऊन थांबायला सांगितले, कारण हातातले काम अर्धे होते. तेव्हापासून देव उभा आहे. ती वीट राजवाड्याची नव्हती, अंगणात पडलेली होती. पुंडलिक चेहरा पाडून, कर्तव्य म्हणून पाय चेपत असता, तर देव एवढा वेळ थांबला असता असे मला तरी वाटत नाही.

घेण्याचेही एक शिक्षण असते, ते मला आमच्याच गावात उशिरा मिळाले. मनमाडला गुपतसर साहिब गुरुद्वारा आहे. नांदेडच्या हुजूर साहिबला जाणारे-येणारे यात्रेकरू तिथे उतरतात. लंगर सगळ्यांसाठी असतो, कोण कुठला हे कोणी विचारत नाही. इतकी वर्षे मी त्याच्यावरून जात होतो, आत गेलो नव्हतो. मला वाटे, आपल्या घरी भाकरी आहे, मग दुसऱ्याची कशाला खावी? हाही एक अहंकारच. एकदा पंजाबकडचे पाहुणे आग्रहाने घेऊन गेले. चपला ठेवायला एक गृहस्थ होते, कपड्यांवरून चांगले सधन वाटले. ते माझ्या धुळीच्या चपला दोन्ही हातांनी उचलून घेत होते. आत पंगतीत जमिनीवर बसलो. पोळी वाढणारा आला तेव्हा मी सवयीने एक हात पुढे केला. शेजारच्या मुलाने हळूच खुणावले, दोन्ही हात. ओंजळ करून घ्यायची. तशी घेतली आणि काय सांगू, गळा दाटून आला. पोळी साधीच होती. पण ओंजळ पुढे केल्यावर माणसाला दुसरे काही धरून ठेवता येत नाही.

बाहेर पडताना नामदेवरायांची आठवण झाली. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत, पंजाबातल्या घुमानमध्ये त्यांची स्मृती आजही पूजली जाते. कुत्र्याने कोरडी पोळी पळवली तर तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणारे हे आपले नामदेव. त्या गोष्टीत मला आवडते ते धावणे. आपण दान देतो ते बसल्या जागेवरून, घेणाऱ्याने दारी यावे अशा बेताने. इथे देणारा धापा टाकतो आहे आणि घेणारा पुढे पळतो आहे.

आता एक गोष्ट राहिली, ती टाळली तर हा लेख अर्धवट होईल. आमच्या मंडळात एक तरुण आहे, पंचवटी एक्सप्रेसने रोज पहाटे कामाला जातो. १९७५ पासूनची ही गाडी. तिच्या पासधारकांचे एक वेगळेच गाव आहे, कोणाला डुलकी लागली तर त्याचे स्टेशन आले की शेजारी उठवतो. हा मुलगा मला म्हणाला, "काका, तांब्याने माणसाची तहान भागते, गावाची भागत नाही. तुम्ही माठ भरत बसता आणि ज्यांनी नळ द्यायचा ते निवांत झोपतात. करंजवणच्या योजनेसाठी लोक किती वर्षे भांडले, तेव्हा कुठे काम पुढे सरकले. त्या वेळी तुमचे टाळकरी किती आले होते?" मला उत्तर देता आले नाही, कारण आम्ही गेलो नव्हतो. त्याचे बरोबर आहे. दया ही हक्काच्या पाण्याऐवजी नसते. पुढे नगरपालिकेवर हंडा मोर्चा निघाला तेव्हा आम्ही सातजण गेलो, उन्हात उभे राहिलो. मोर्चात एक पोरगी चक्कर येऊन बसली. तेव्हा ज्या बाईने कमरेची बाटली काढून तिला पाजले, ती आमच्या पलीकडच्या घरातलीच. घोषणा देता देता तिने ते केले, आवाज खाली न आणता. तो मुलगाही पाहत होता. तिथे आमचा वाद आपोआप थांबला.

आता आमच्या फाटकाबाहेर एक माठ आहे. मातीचा, ओल्या फडक्यात गुंडाळलेला, वर झाकण आणि लांब दांड्याचे ओगराळे. पाणपोई म्हणण्याइतका मोठा नाही. पत्नी तांदूळ धुतलेले पाणी तुळशीला घालते आणि घालताना तुळशीलाच सांगते, "बाई, आज एवढंच." त्या वाचवलेल्या पाण्यातून माठ भरतो. कोण पिते ते आम्ही पाहत नाही. कधी झाकण सरकलेले दिसते, कधी पेला उपडा घालून ठेवलेला, एकदा पेल्यात दोन चिंचा ठेवलेल्या होत्या. शाळेतल्या पोरांचे काम असावे. चिंचा आंबट होत्या, आम्ही दोघांनी त्या मीठ लावून खाल्ल्या.

यंदा वैशाखात पाणी लांबले. अठरावा दिवस होता, घरातले दुसरे पिंपही तळाला गेले होते. सकाळी माठ भरायला कळशी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. पत्नी काही बोलली नाही. आज माठ कोरडाच राहणार, येणाऱ्याला निदान तसे कळावे, म्हणून झाकण काढून ठेवायला मी फाटकाशी गेलो. झाकण उचलले. माठ गळ्यापर्यंत भरलेला होता. फडकेसुद्धा कोणीतरी नुकतेच भिजवून ठेवले होते.

मी गल्लीत दोन्हीकडे पाहिले. पलीकडच्या घराचे दार बंद होते, ती कामावर गेलेली असणार. एक सायकलवाला दूध घालत होता. मी ओगराळे बुडवले आणि तिथेच फाटकाशी बसून प्यायलो.